यंत्राला सांगावे कसे?

शाळेतून निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एक दिवस मी आमच्या जुन्या शाळेत जाऊन बसतो. मुले भेटतात, शंका विचारतात, आणि त्या शंकांच्या निमित्ताने माझाही अभ्यास होतो. एके दिवशी आठवीतील एका मुलाने मला विचारले, “सर, आता संगणकाला आपल्या मराठीत सांगितले तरी तो हवे ते काम करून देतो. मग आज्ञावली लिहायला आम्ही कशाला शिकायचे? पुढे ती कोणाला लिहावीच लागणार नाही ना?”

प्रश्न मार्मिक होता. मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. पुढे काही महिन्यांनी शाळेतच असा एक प्रसंग घडला की, त्याचे उत्तर त्याला आपोआप मिळाले. तो प्रसंग मी तुम्हांला सांगणारच आहे. पण त्याआधी मनुष्य यंत्राला आज्ञा देण्यास कसा शिकला, हे थोडक्यात पाहू.

संगणक आपण होऊन काही करीत नाही. ‘ही संख्या घे, तीत ती संख्या मिळव, उत्तर शंभराहून अधिक आले तर अमुक कर, नाही तर तमुक कर,’ असे त्याला पायरीपायरीने सांगावे लागते. अशा क्रमवार आज्ञांच्या मालिकेस आज्ञावली म्हणतात. व्यवहारात तिला प्रोग्राम, आणि ती ज्या अक्षरांत व चिन्हांत लिहिली जाते त्या लिखाणाला कोड, असे म्हणण्याचा प्रघात आहे.

तुम्हांला वाटेल की, यंत्राला द्यावयाच्या आज्ञा आरंभापासून लिहिल्याच जात असतील. पण तसे नाही. फ्रान्समधील लियों हे शहर रेशमी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होते. तेथील जोसेफ-मारी जाकार या कारागिराने १८०४ च्या सुमारास एक नवा माग सिद्ध केला. जाड कागदाच्या पट्ट्यांवर ठरावीक ठिकाणी छिद्रे पाडावयाची आणि त्या पट्ट्या एकामागून एक मागावरून सरकवावयाच्या. जेथे छिद्र असेल तेथे सुई आत जाई व त्याप्रमाणे ताण्यातील धागे उचलले जात. अशा रीतीने वस्त्रावर नक्षी उमटे. आपल्या सोलापूरच्या प्रसिद्ध चादरींवरील नक्षीही ‘जॅकार्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांच्या साहाय्यानेच विणली जाते. त्या पट्ट्यांवर अक्षर एकही नसते; तरी ती आज्ञावलीच होय.

पहिल्या मोठ्या विद्युत्-संगणकांतही आज्ञा लिहिण्याची सोय नव्हती. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी, पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला ‘एनिॲक’ नावाचा संगणक १९४६ साली लोकांपुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि एक प्रशस्त दालन त्याने व्यापले होते. त्याला नवे गणित घालावयाचे म्हणजे शेकडो तारा एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी खोचाव्या लागत आणि असंख्य कळा फिरवाव्या लागत. हे अवघड काम सहा तरुण स्त्रियांनी अत्यंत कौशल्याने केले. परंतु एक गणित संपवून दुसरे मांडावयास कित्येक दिवस खर्ची पडत. आणि एखादी तार चुकीच्या जागी खोचली गेली, तर ती हुडकून काढणे हे एक दिव्यच असे.

यावर उपाय निघाला तो असा, की आज्ञाही संख्यांप्रमाणेच संगणकाच्या स्मृतीत साठवावयाच्या. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे २१ जून १९४८ रोजी एका लहानशा संगणकाने आपल्या स्मृतीत साठविलेली आज्ञावली प्रथमच पार पाडली. ती अवघ्या १७ आज्ञांची होती. आता तारा उपसण्याचे कारण उरले नाही. आज्ञा कागदावर लिहावी, पुनःपुन्हा वाचावी, चूक आढळल्यास खोडून दुरुस्त करावी आणि मग यंत्राला द्यावी, असा क्रम सुरू झाला. मुलांनो, येथे क्षणभर थांबा. आज आपण ‘लिहिण्याचे कष्ट’ म्हणतो. पण त्या काळच्या लोकांना लिहावयास मिळाले हीच केवढी मोठी सुटका वाटली असेल!

मात्र हे लिखाण संख्यांच्या भाषेत असे, आणि ती भाषा माणसाला रुक्ष व किचकट वाटे. ग्रेस हॉपर नावाच्या अमेरिकन गणितज्ञ विदुषीने यावर विचार केला. माणसाने यंत्राची भाषा शिकण्याऐवजी, यंत्रानेच माणसाच्या शब्दांचे आपल्या भाषेत रूपांतर का करू नये? १९५२ साली त्यांनी त्या दिशेने पहिली आज्ञावली रचली. संगणकाला इंग्रजी शब्द कळणे शक्य नाही, असे तेव्हा अनेकांचे मत होते. पण बाईंनी आपला प्रयत्न सोडला नाही. पुढे त्यांच्याच कामाच्या आधाराने, १९५९-६० मध्ये व्यापारी हिशेबांसाठी ‘कोबोल’ ही भाषा तयार झाली. तिच्यात इंग्रजी शब्दांनीच आज्ञा देता येत.

शब्दांनंतर चित्रे आली. १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढून संगणकाशी व्यवहार करण्याची रीत दाखविली. १९७९ साली ‘व्हिसिकॅल्क’ या आज्ञावलीने घराघरांची हिशेबाची तालिका पडद्यावर आणली. एका घरातील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. २००७ साली मुलांसाठी ‘स्क्रॅच’ नावाची भाषा निघाली. तीत रंगीत ठोकळे एकात एक बसवून आज्ञावली रचता येते. तुमच्यापैकी काहींनी ती हाताळलीही असेल. आणि गेल्या काही वर्षांत तर आपल्या बोलण्यातली वाक्ये देऊन संगणकाकडून काम करून घेण्याची कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने घरोघरी पोहोचली आहेत. त्यांपैकी ‘चॅटजीपीटी’ हे साधन २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात सर्वांसाठी खुले झाले.

हा सारा इतिहास पाहिला म्हणजे त्या मुलाचे म्हणणे खरे वाटू लागते. छिद्रे गेली, तारा गेल्या, संख्यांची भाषा मागे पडली. मग आता कोडही जाणार, हे उघडच नाही का?

आता शाळेत घडलेला तो प्रसंग ऐका.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात भिंतीवर एक फलक होता: ‘पुस्तक ७ दिवसांत परत करावे. त्यानंतर प्रत्येक दिवसास १ रुपया दंड आकारला जाईल.’ कित्येक वर्षे ग्रंथपालबाई हा हिशेब नोंदवहीत हाताने करीत. शाळेला नवा संगणक मिळाला, तेव्हा आठवीच्या मुलांनी बाईंचे काम हलके करावयाचे ठरविले. फलकावरील वाक्ये त्यांनी जशीच्या तशी मराठीत संगणकाला सांगितली आणि दंड काढणारी आज्ञावली करून मागितली. पाहता पाहता ती तयार झाली. मुलांनी दोन-चार तारखा घालून पाहिल्या. उत्तरे बरोबर आली. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. प्रश्न विचारणारा मुलगा माझ्याकडे पाहून हसला. जणू त्याचे उत्तर त्याला मिळाले होते.

दिवाळीची सुट्टी झाली, शाळा उघडली. सहावीतील एका मुलीने सुट्टी लागण्यापूर्वी ५ दिवस एक गोष्टींचे पुस्तक नेले होते. सुट्टी २० दिवसांची होती. शाळा उघडली त्याच दिवशी, मधल्या सुट्टीची वाटही न पाहता, तिने पुस्तक परत आणून दिले. बाई त्या दिवशी रजेवर होत्या. संगणकापाशी बसलेल्या मुलाने तारखा घातल्या. पडद्यावर अक्षरे उमटली: दंड १८ रुपये. पुस्तक नेल्यास २५ दिवस झाले होते. त्यांतून ७ वजा जाता १८ उरतात. हिशेबात तिळमात्र चूक नव्हती.

मुलीने पुस्तक मेजावर ठेवले आणि ती काही न बोलता निघून गेली. तिची आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करते. अठरा रुपये मागण्याचा तिला धीर झाला नाही.

दर आठवड्याला न चुकता पुस्तक नेणारी ही मुलगी ग्रंथालयात येईनाशी झाली, हे प्रथम बाईंच्या ध्यानात आले. त्यांनी तिला बोलावून मायेने विचारले. मीही तेथेच होतो. ती खाली मान घालून म्हणाली, “बाई, शाळाच बंद होती. मग पुस्तक द्यायचे कोणाला?”

त्या एका वाक्याने आम्ही सगळे ओशाळलो. मुले म्हणू लागली, “सर, संगणक चुकला.” मी म्हटले, “आधी आज्ञावली काढा. ती वाचून पाहू.” संगणकाने तयार केलेली आज्ञावली लिखित होती, म्हणूनच हे शक्य झाले. मराठीत सांगितले तरी अशी साधने काम करण्यासाठी बहुधा कोडच लिहितात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुलांनी एकेक ओळ वाचली. एका ओळीत आजच्या तारखेतून पुस्तक नेल्याची तारीख वजा केली होती. पुढच्या ओळीत त्यातून ७ वजा केले होते. सुट्टीचा उल्लेख कोठेच नव्हता.

“बाई, आतापर्यंत आपण सुट्टीचे दिवस धरीत होता काय?” मी विचारले.

“छे! ते कोण धरील?” बाई म्हणाल्या.

आता मुलांना चूक कोठे होती ते उमगले. सुट्टी धरावयाची नाही, हे बाईंच्या मनात होते, फलकावर नव्हते. यंत्राने फलकावरचे वाक्य घेतले. बाईंचे मन त्याला कोण सांगणार? माणूस माणसाशी बोलतो तेव्हा अर्धे शब्दांत सांगतो आणि अर्धे समोरच्याच्या समजुतीवर सोपवितो. आई ‘जरा दुधाकडे बघ’ म्हणते, तेव्हा दूध उतू जाताना नुसते बघत बसावे, असा तिचा अर्थ नसतो. ही समजूत म्हणजे आपल्या बोलीचे वैभव आहे. पण जेथे काटेकोर नियम हवा, तेथे तीच घात करते. नव्या साधनांना अशा राहिलेल्या जागा पुष्कळदा अनुमानाने भरता येतात. परंतु ते अनुमान आपल्या मनातलेच असेल, याची खात्री कोण देणार? तेच वाक्य दोनदा सांगितले, तर ती दोन निराळ्या आज्ञावल्याही लिहून देतात.

मुले उत्साहाने म्हणाली, “मग ‘सुट्टीचे दिवस वगळावेत’ एवढे सांगून टाकू.” मी म्हटले, “सांगा. पण रविवार ही सुट्टी की नाही? ७ दिवसांच्या मुदतीतच सुट्टी आली, तर मुदत वाढावयाची की नाही? सातव्या दिवशी पुस्तक आणले तर दंड आहे की नाही? मूल तापाने घरी निजले असेल तर?” मुले एकमेकांकडे पाहू लागली. मग खडू हाती घेऊन आम्ही फळ्यावर एकेक कलम लिहू लागलो. कोणी शंका काढी, कोणी खोडी, पुन्हा लिही. दोन तासांनी चार कलमे सिद्ध झाली. त्यांवरून नवी आज्ञावली संगणकाने लिहून दिली ती मात्र क्षणभरात! कष्टाचे काम कोठे होते, हे मुलांनी त्या दिवशी प्रत्यक्ष अनुभवले. त्यांनी त्या मुलीच्या तारखा घालून पाहिल्या. दंड शून्य आला. मग सुट्टी नसलेल्या दिवसांच्या तारखा घातल्या आणि जेथे दंड यावयास हवा तेथे तो येतो, हेही पडताळून पाहिले.

मुलांनो, अचूक विचारासाठी लेखनाचा आधार घेणे ही काही संगणकाच्या युगातील नवी गोष्ट नाही. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ मधला. त्यांच्या वंशाची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. त्यांच्या ‘लीलावती’तील गणिते सुंदर श्लोकांत आहेत. पण बीजगणितात उदाहरण सोडविण्याची वेळ आली की, श्लोकाऐवजी खुणा येतात. अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत; तिच्यासाठी ‘या’ हे एकच अक्षर लिहीत. ज्ञात संख्येसाठी ‘रूप’ या शब्दातील ‘रू’ घेत. अज्ञात संख्येची पाचपट अधिक आठ, हे ‘या ५ रू ८’ असे मांडीत. युरोपातही ‘बरोबर’ हे आधी शब्दांनी लिहीत. तेच तेच शब्द लिहिणे टळावे म्हणून १५५७ साली रॉबर्ट रेकॉर्ड यांनी दोन समांतर रेघांची खूण योजिली, आणि तीच आपण आजही वापरतो. शब्दांकडून खुणांकडे लोक वळले, ते गणित अवघड व्हावे म्हणून नव्हे. विचार एका दृष्टिक्षेपात दिसावा आणि चूक लपून राहू नये, म्हणून वळले.

मग चित्रे, ठोकळे आणि बोलणे यांचा उपयोग नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. नकाशा शब्दांनी सांगण्यापेक्षा काढून दाखविणेच सोपे. ठोकळ्यांनी लहान मुलेही आज्ञावली रचतात. ज्यांना लेखन वा टंकलेखन करता येत नाही, त्यांना नुसत्या बोलण्याने यंत्र कामाला लावता येणे, ही तर केवढी सोय! परंतु ठोकळ्यांवरही शब्द असतातच, आणि आकड्यांच्या तालिकेतील घरामागे एक लिखित सूत्र दडलेले असतेच. शिवाय ठोकळे शेकड्यांनी वाढले, तर चित्राचाच गुंता होतो.

त्या दिवशी शाळा सुटताना मी त्या मुलाला जवळ बोलावले आणि म्हटले, “तुझ्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. संख्यांच्या भाषेत आज्ञा लिहिणारे आज क्वचितच आढळतात. तसाच आजचा कोडही उद्या दृष्टीआड होईल. तुझ्या नातवंडांना त्याची एक ओळही लिहावी लागणार नाही, असेही घडू शकेल. पण काय हवे ते नेमके ठरविणे, ते सर्वांना वाचता येईल असे कोठेतरी लिहिणे आणि ठरले तसेच घडते की नाही हे तपासणे, ही तीन कामे उरतीलच. दंड एका मुलीला भरावयाचा होता. ‘का?’ असे विचारण्याचा तिला अधिकार होता, आणि त्या ‘का’चे उत्तर आपल्याला लिखाणात सापडले. जे कोणालाच वाचता येत नाही, त्याला जाब कसा विचारणार?”

मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, “म्हणजे सर, कोड शिकायचा तो यंत्रासाठी नव्हे, आपल्यासाठी.”

“यंत्रासाठीही,” मी म्हटले, “पण आधी आपल्यासाठी.”

नव्या फलकावर लिहिण्यापूर्वी मुलांनी ती चार कलमे त्या सहावीतील मुलीला वाचून दाखविली. तिने लक्षपूर्वक ऐकले आणि विचारले, “पावसाळ्यात आमच्या वाडीच्या ओढ्याला पूर येतो. शाळा चालू असते, पण मला येता येत नाही. तेव्हा?”

मुले पुन्हा स्तब्ध झाली. प्रत्येक ओढा आणि प्रत्येक पूर कलमात कसा बसवावा? शेवटी पुष्कळ चर्चेनंतर पाचवे कलम ठरले, आणि आज्ञावलीतही ते घातले गेले. आज ग्रंथालयाच्या फलकावर ते शेवटच्या ओळीत आहे: ‘वरील कलमांत न बसणारे कारण असल्यास दंड आकारण्यापूर्वी बाईंना विचारावे.’

ती मुलगी आता पुन्हा दर आठवड्याला पुस्तक नेते.

शब्दार्थ

मार्मिक – नेमक्या वर्मावर बोट ठेवणारा
प्रघात – रीत, वहिवाट
ताणा – विणताना मागावर लांबीने ताणलेले उभे धागे
दिव्य – कठीण कसोटी
विदुषी – विद्वान स्त्री
ओशाळणे – लाज वाटणे, खजील होणे
अनुमान – तर्क, अंदाज
जाब विचारणे – कृत्याचे कारण सांगावयास लावणे

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे दोन-तीन वाक्यांत लिहा.
(अ) जाकारच्या मागाला आज्ञा कशा दिल्या जात?
(आ) एनिॲक संगणकाला नवे गणित घालणे अवघड का होते?
(इ) ग्रेस हॉपर यांच्या मनात कोणता विचार आला?

२. ‘हिशेबात तिळमात्र चूक नव्हती,’ तरीही त्या मुलीवर अन्याय झाला. हे कसे, ते स्पष्ट करा.

३. लेखकाच्या मते पुढेही कोणती तीन कामे उरतील? त्यांपैकी तुम्हांला सर्वांत महत्त्वाचे कोणते वाटते? कारण द्या.

४. पाचवे कलम संगणकाला ठरवू न देता बाईंवर का सोपविले असावे?

५. ‘दृष्टीआड होणे’, ‘तिळमात्र नसणे’, ‘जाब विचारणे’ यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

६. उपक्रम – तुमच्या वर्गातील किंवा घरातील एक नियम घ्या. तो कधीच न पाहिलेल्या परक्या माणसालाही अचूक पाळता येईल, असा लिहून काढा. मित्राला वाचावयास द्या आणि त्याने काढलेल्या शंका त्याखाली लिहा.